भागिले सत्तर

शंभर बिया मोजायला मला दीड मिनिट लागतं.
ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळी,
कागदाची सुरळी, सुरळीला रबर,
वर पेन्सिलीनं लॉट नंबर.
आठव्या दिवशी उलगडून बघायचं:
निरोगी किती, वाकडी किती, मेलेली किती,
आणि कडक किती.
कडक बी मेलेली नसते.
तिनं पाणीच घेतलेलं नसतं.

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
सव्वीस वर्षं हेच केलं.
अठ्ठावन्न भरले, साडी-चोळी झाली,
फोटोत मी डोळे मिटलेले आलेय.
मग लॅबमधल्या वसीमनं मोबाईलवर माझं पासबुक उघडलं.
"मावशी, सर्व्हिस एकवीस वर्षं दाखवतंय."
म्हटलं, परत मोज.

पहिली पाच ठेकेदाराच्या वहीत होती.
त्या वहीत नाव नसायचं कुणाचं,
नुसतं लिहिलेलं असायचं, बायका ७.
त्या सातांत मी होते.
वही कुठं गेली, ठेकेदाराच्या पोरालाही ठाऊक नाही.

पीएफच्या ऑफिसात निर्मळ मॅडम.
काचेला वाटीएवढं भोक,
कमरेत वाकल्याशिवाय आवाज पोचत नाही.
तुमचे बारा टक्के तुमच्या पीएफात, म्हणाल्या, ते एकदम मिळतील.
कंपनीचे बारा, त्यातले आठ पूर्णांक तेहतीस पेन्शनकडं.
मी म्हटलं, म्हणजे एक रांजण घरी न्यायचा
आणि दुसऱ्यातून महिन्याला एक तांब्या, मरेपर्यंत.
आठवड्यानं नळ येणाऱ्या गावातली बाई मी,
एवढं तर मला कळतंच.
मॅडम पहिल्यांदा हसल्या.

पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर.
सत्तरच का?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ते तसंच आहे."

वीस वर्षं ओलांडली म्हणून दोन वर्षं बोनस.
न पेरता उगवलेली.
सन चौदाच्या आधीची अकरा, साडेसहा हजारांवर.
नंतरची दहा आणि ही दोन, चौदा हजारांवर.
एक हजार एकवीस. दोन हजार चारशे.
बेरीज मी तोंडी केली,
कॅल्क्युलेटर मागून आला.
तीन हजार चारशे एकवीस.

बाहेर पायरीवर बसून भाकरी खाल्ली.
सिलिंडर, लाईट, बीपीच्या गोळ्या,
चौथ्या बोटावर गाडी थांबली.
मग सवयीनं दुसरा हिशोब लागला:
सव्वीस पेरली, एकवीस उगवली,
शेकडा ऐंशी.
कपाशीला पंचाहत्तर लागते.
लॉट पास, कौसाबाई खरात.
पाच मेली नाहीत, कडक राहिली.

अजून निस्तरायचं आहेच.
मस्टरवर मी कौसल्या, आधारला कौसाबाई,
दोघी एकच, हे कागदावर लिहून द्यायचंय.
आणि दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला.
औषध लावलेलं बी चोळून चोळून
अंगठ्याच्या रेघा गेल्यात,
मशीन म्हणतं, परत ठेवा.
परत ठेवते.
वसीम म्हणतो, चेहऱ्याचंही ॲप आहे,
फक्त डोळे उघडझाप करायचे.
तेवढं जमेल.

रात्री घरच्यांना सगळं समजावलं.
मी गेले तर निम्मी तुम्हाला, सतराशे दहा.
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
"आणि मी आधी गेलो तर?"
म्हटलं, मग मला पूर्णच.
"बरंय," म्हणाले, आणि कूस बदलली.

काल कंपनीच्या गेटवर गेले होते, उरलेल्या सहीसाठी.
पॅकिंगच्या नव्या पोरी डबे घेऊन बसलेल्या,
सगळ्या ठेक्यावरच्या.
विचारलं, तुमचा नंबर आहे का गं? पीएफचा?
एकमेकींकडं बघायला लागल्या.
नऊ जणी होत्या, नजरेनंच मोजल्या.
प्रतीक्षानं हात पुसून मोबाईल काढला,
आपलं पूर्ण नाव टाकलं, बापाच्या नावासकट.
आम्ही सगळ्या वाकून बघतोय.
पडद्यावर चाक फिरतंय.